‘ट्रेसेबिलिटीला एक्सेल पुरतं’ म्हणणाऱ्यांना

रेल्वे-मेट्रोच्या इंजिनीअरांमध्ये एक मेसेज सतत फिरतोय: ‘ऑन्टॉलॉजी हा पीएचडीवाल्यांचा खेळ. ट्रेसेबिलिटी म्हणजे ऑडिटरला दाखवायचा कागद, त्याला एक्सेल पुरतं. रीझनरला तर राहून गेलेली टेस्टसुद्धा सापडत नाही.’ (ट्रेसेबिलिटी म्हणजे कुठली रिक्वायरमेंट, म्हणजे यंत्रणेनं पाळायची अट, कुठल्या कोडनं पुरी केली आणि कुठल्या टेस्टनं तपासली याचा माग. ऑन्टॉलॉजी म्हणजे गोष्टींचे अर्थ आणि नाती संगणकाला कळतील अशी लिहिलेली मांडणी, आणि रीझनर म्हणजे त्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम.) मी मुंबईत सिस्टिम इंटिग्रेशन करतो. हे वाचून नव्या मुलांनी विषयाकडे पाठ फिरवली तर मला खरंच वाईट वाटेल.

आधी एक्सेल. मुंबई मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनच्या फलाटांवर काचेचे दरवाजे आहेत, तसं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. ‘डोअर क्लोज्ड’ हे दोनच शब्द. गाडी बनवणारा त्यातून डब्याचं दार समजतो, काचेवाला फलाटाचं, आणि सिग्नलिंगवाल्याला दोन्ही बंद हवी असतात. एका प्रकल्पात आमच्या शीटमध्ये फलाटाच्या दाराच्या रिक्वायरमेंटसमोर डब्याच्या दाराची टेस्ट लागली होती. शब्द तेच, खाना हिरवा. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री दोन प्रिंटआउट शेजारीशेजारी ठेवले तेव्हा एका मॅडमच्या ते लक्षात आलं. एक्सेल अक्षरं जुळवतं, अर्थ नाही.

ऑन्टॉलॉजीत आपण लिहून ठेवतो की फलाटाच्या दाराची रिक्वायरमेंट फक्त फलाटाच्या दाराच्या टेस्टनंच तपासायची आणि या दोन जातीच्या टेस्ट डिसजॉइंट आहेत, म्हणजे एक टेस्ट दोन्हींत बसत नाही. मग तसली जोडणी केली की रीझनर विसंगती दाखवतो. डिसजॉइंट लिहायचं राहिलं तर मात्र तो ती टेस्ट दोन्ही जातीची धरून गप्प बसतो. ही शिस्त माणसालाच पाळावी लागते.

पीएचडीचं म्हणाल, तर आउल ही ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा 2004 पासून डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, मानक आहे, आणि आउलवरच उभं असलेलं ओपनसीझर हे सिस्टिम इंजिनीअरिंगचं साधन नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतून आलंय. तिथे यानं बनतात.

‘ऑडिटरचा कागद’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 रॉकेट साधारण 40 सेकंदांत भरकटून फुटलं. ज्या अलाइनमेंटच्या (दिशा जुळवण्याच्या) कामात 64 बिटांचा आकडा 16 बिटांत मावला नाही, ते काम उड्डाणानंतरही चालू ठेवायची गरज आधीच्या एरियान 4 ची होती. एरियान 5 ला त्याचा काहीच उपयोग नव्हता. ऑन्टॉलॉजीनं रॉकेट वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण ‘हा कोड कुठल्या रिक्वायरमेंटसाठी आहे आणि ती याच यानाची आहे का’ हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. दुवे नीट लिहिलेले असतील तर स्पार्कल या डेटाला प्रश्न विचारायच्या भाषेत हा प्रश्न चार-पाच ओळींत बसतो.

राहिला रीझनरचा मुद्दा. तो खरा आहे, पण अर्धाच. आउलमध्ये माहिती नाही म्हणजे गोष्ट नाही, असं धरत नाहीत. प्रत्येक रिक्वायरमेंटला किमान एक टेस्ट हवी असं लिहिलं आणि एकही दिली नाही, तरी रीझनरच्या लेखी ती कुठेतरी असेल. नेमकं त्यासाठीच 2017 साली शॅकल हे डेटा नियमांत बसतो का ते तपासायचं मानक आलं. ते हातातल्या डेटावर मोजून बघतं. आमच्याकडे शीट अजून एक्सेलमध्येच भरतात. रात्री तिच्या ओळी ट्रिपलमध्ये (‘ही गोष्ट, हे नातं, ती गोष्ट’ अशा तीन भागांच्या नोंदींत) जातात, शॅकल चालतं, आणि टेस्ट नसलेल्या रिक्वायरमेंटची यादी सकाळच्या चहाआधी टेबलावर असते.