परत येण्याचा पुरावा

सहकुटुंब स्वित्झर्लंडला जायचं ठरलं, आणि आमचं बँक स्टेटमेंट बघून मुंबईच्या व्हिसा एजंटाने पहिला आक्षेप घेतला तो थेट आंब्यावर.

"काका, जूनमध्ये एकदम एवढी रक्कम जमा झालीय, आणि नंतर नुसता खर्च. असं स्टेटमेंट संशयास्पद वाटतं. दर महिन्याला काहीतरी जमा दिसायला हवं."

"अरे बाबा, आंबा दर महिन्याला पिकत नाही. वाशीचा दलाल हंगाम संपला की हिशेब करतो. त्याने एकदम पैसे दिले हेच नशीब समज."

हे त्याला पटलं नाही. मग त्याने तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागितली. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण स्वित्झर्लंडच्या साहेबाला ते कोणी सांगायचं? उत्पन्न आहे, कर नाही, पावती नाही. माझाच माझ्यावर संशय यायला लागला.

शेवटी सातबारा जोडायचं ठरलं, तोही इंग्रजी भाषांतर करून, नोटरीच्या शिक्क्यासह. कोकणातला सातबारा ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. पणजोबा त्यावर अजून जमीन कसतायत. त्यांच्याखाली चुलते, आत्या, आत्यांचे वारस, नाव कमी होऊन कंसात गेलेले आणि कंसातही न गेलेले. रत्नागिरीच्या भाषांतरकाराने दोनदा चष्मा पुसला आणि विचारलं, "यात तुम्ही नेमके कोण?" मी खालून मोजत वर गेलो.

गंमत बघा, आमच्याकडचा आंबा खुशाल युरोपला जातो. त्यालाही एकदा नकार मिळाला होता म्हणा. फळमाशी सापडली म्हणून २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, तो २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा घ्यायला लागले. आता ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवतात, दाखला देतात आणि विमानात चढवतात. माणसांसाठी ही सोय असती तर मी सहकुटुंब बुडलो असतो. आमच्या चुलीवरच्या हंड्यातलं पाणी त्याहून कढत असतं. शिवाय तू परत येशील कशावरून, असं आंब्याला कोणी विचारत नाही.

आम्हाला विचारलं. सोबतच्या पत्रात मायदेशी परतण्याची सबळ कारणं लिहा, म्हणे. मी मनापासून लिहिलं. मोहर यायच्या आत परत यावंच लागेल, नाहीतर फवारणी कोण बघणार? घरचा गणपती आहे. आणि गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, चुलतभावाशी दावा चालू आहे, त्याची पुढची तारीख डिसेंबरात आहे. गडग्याचा दावा अर्धा टाकून देशांतर केलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. याहून भक्कम पुरावा कुठला? एजंटाने नेमकं तेच वाक्य काढून टाकलं आणि मुदत ठेवीच्या पावत्या जोडायला सांगितल्या.

फोटोचं काम लवकर आटोपलं. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं, आणि हसायचं नाही. ही शेवटची अट आमच्या घराण्याला अजिबात जड गेली नाही.

मग विमा. कमीत कमी ३०,००० युरोचा, आजारपणाचा, आणि तिथे काही बरंवाईट झालं तर मृतदेह मायदेशी आणण्याचाही. मुलगी हे कलम मोठ्याने वाचत होती, पडवीत आई सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"म्हणजे मेलं तरी परत यायचंच ना? मग पुरावा कसला मागतायत?"

हे वाक्य मला पत्रात घालायचं होतं. बायकोने घालू दिलं नाही.

बोटांचे ठसे द्यायला सगळ्यांना मुंबईला जावं लागलं. रात्रभर कोकणकन्या, सकाळी नातेवाइकांकडे आंघोळी, मग केंद्रावर रांग. धाकटा बारा वर्षांखालचा, म्हणून त्याचे ठसे घेत नाहीत. रात्रभर उराशी धरून आणलेली हौस फुकट गेल्याने तो फुगून बसला. आईची बोटं मात्र यंत्राला सापडेनात. ओले काजूगर सोलण्यात तिचं आयुष्य गेलंय, आणि तो चीक कातडीचं काय करतो ते आम्हाला माहीत आहे, यंत्राला नाही. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजी, हाताला थोडं क्रीम लावा." आईने पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि कोपरापर्यंत चोळलं. मग काच पुसायला माणूस बोलवावा लागला.

शेवटी दहाही बोटं उमटली. पोरगी सुटकेच्या आवाजात म्हणाली, "झालं आजी. आता ५९ महिने हेच ठसे चालतील. पुन्हा द्यायला नकोत."

आई उठता उठता थांबली. मनात हिशेब केला.

"म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. मग पुढच्या खेपेला लंडन बघू."

लंडन या व्हिसात येत नाही, हे तिला परतीच्या गाडीत बसल्यावर, चिपळूण गेल्यानंतर सांगायचं असं मी ठरवलं.