इराकमधला हिस्सा

परवा नात्यातल्या एका दादांनी ग्रुपवर लिहिलं, "जमिनीखाली एवढं तेल असून इराकची माणसं गरीब कशी? सरकार फुकट खायला घालतं, म्हणून ऐतखाऊ झाली असतील." तिथे उत्तर देत बसले असते तर लांबलं असतं, म्हणून इथे लिहितेय. राग आलाय मला, तो लपवत नाही.

इराकमध्ये रेशनला 'हिस्सा' म्हणतात. आपण घरच्या वाटणीत म्हणतो तोच शब्द, आपल्याकडे आला तो अरबीतूनच. रेशन वाटणाऱ्या दुकानदाराला म्हणतात 'वकील'. तोही शब्द आपण घेतला, अर्थ तेवढा बदलला. 'खैरात'सुद्धा मूळचा अरबीच, पण रेशनला त्यांनी शब्द लावला तो हिस्स्याचा. आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या २००५ च्या राज्यघटनेचं १११ वं कलम सांगतं की तेल आणि वायू साऱ्या इराकी जनतेच्या मालकीचे आहेत.

सद्दामने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत बळकावलं आणि संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले. तेल विकता येईना, आणि खाण्याचा बहुतेक माल तर बाहेरून येणारा. तेव्हा कार्डावर पीठ, तांदूळ, साखर, खाद्यतेल मिळू लागलं. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतलं पहिलं धान्य पोहोचायला मार्च १९९७ उजाडला. मधल्या काळात शिकल्यासवरल्या माणसांनी घरातली पुस्तकं बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर नेऊन विकली. कार्ड होतं म्हणून चुली पेटत राहिल्या. रेशनच्या नोंदी इतक्या घरोघर पोहोचलेल्या होत्या की २००५ च्या मतदारयाद्याही त्यांच्यावरूनच तयार झाल्या.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, धान्य बंद, माणशी महिना १५,००० दिनार रोख. लोक खवळले. व्यापारी दुसऱ्या दिवशी पिठाचे भाव वाढवतील, मग त्या पैशांत काय येणार? काही दिवसांतच सरकारला निर्णय गुंडाळावा लागला. आपल्याकडे १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम मिळते, त्यांना हा सवाल समजावून सांगावा लागणार नाही.

मग तेलाचा पैसा जातो कुठे? सरकारी तिजोरीत येणारे जवळजवळ सगळे पैसे तेलाचेच, आणि त्यातला मोठा वाटा पगार-पेन्शनमध्ये जातो. सरकारी नोकरी लागली की घर तरलं. ती लागते पक्षाच्या नाहीतर ओळखीच्या जोरावर. बिगारी, हातगाडीवाले, नवऱ्यामागे राहिलेल्या बाया यांच्या वाट्याला उरतो तो हिस्साच. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले, पगार रखडले, वर्षाअखेरीस दिनारचं अवमूल्यन झालं. महागाईचा घाव बसला तो ज्यांना पगारच नव्हता त्यांना.

आपल्याला बसरा म्हटलं की नथीतले मोती आठवतात. आईच्या नथीतही तेच आहेत. त्या बसऱ्याच्या आसपास इराकमधली सर्वांत मोठी तेलक्षेत्रं आहेत, आणि रात्री वायू जळत असल्याने आकाश लाल दिसतं. तो वायू तिथे जाळतात आणि विजेसाठी इराणकडून विकत घेतात! २०१८ च्या उन्हाळ्यात याच शहरातलं नळाचं पाणी पिऊन लाखाहून जास्त लोक दवाखान्यात पोहोचले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तरुण पोरं नोकरी, पाणी, वीज मागायला बगदादपासून बसऱ्यापर्यंत रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शेकडो मेली. ऐतखाऊ म्हणायचं ते यांना?

सगळ्यात जिव्हारी लागतं ते उत्तर इराकमधल्या मोसुल शहराचं. जून २०१४ ते जुलै २०१७ ते 'इसिस' या दहशतवादी संघटनेच्या ताब्यात होतं. त्या काळात जन्मलेल्या मुलांना 'इसिस'च्या शिक्क्याचे दाखले मिळाले, ते सरकार मानत नाही. कुणाची कागदपत्रं घराबरोबर जळाली, कुणाची पळताना राहिली. नवीन काढायची तर आधी सुरक्षा यंत्रणेची मंजुरी हवी, आणि नवरा किंवा भाऊ 'इसिस'मध्ये गेल्याचा नुसता संशय असला तरी ती अडते. ओळखपत्र नाही म्हणजे कार्डावर नाव नाही, शाळेत रीतसर प्रवेश नाही, विधवेला मिळणारं अनुदानही नाही.

दादा, अशा एखाद्या बाईचा नवरा काय करत होता ते मला माहीत नाही. पण तिचं पोर २०१६ साली जन्मलं असेल, तर तेलातला त्याचा हिस्सा कुणी ठेवून घेतलाय, ते विचारा ना ग्रुपवर.