खुनी यंत्राचा चित्रपट काढू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

मागच्या रविवारी भाच्याने मला आग्रहाने मल्टिप्लेक्सात नेले. “मामा, तुमच्या लाइनीतलाच पिक्चर आहे, मशीन माणसं मारते,” असे तो म्हणाला. माझी लाइन म्हणजे भोसरीच्या एमआयडीसीतील एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दाबयंत्रांनी पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, विजेची देखभाल. पॉवर प्रेसची पॅनेल उघडण्यात आणि बंद करण्यात माझी ३२ वर्षे गेली, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा असणार हे त्याने बरोबर ताडले होते. तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग यांविषयी मी येथे काही लिहीत नाही. चित्रपटात एका श्रीमंत कुटुंबाच्या घराचा कारभार पाहणारी संगणकप्रणाली एका रात्री बिथरते, दारे लावून घेते आणि घरातल्या माणसांना एकेक करून संपवते. हे सव्वादोन तास चालते. त्या सव्वादोन तासांत सात माणसे मेली, पण मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडावा असे त्यांतल्या एकालाही सुचले नाही.

घरी येऊन शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की चूक माझीच होती. या चित्रप्रकाराचे काही पक्के नियम आहेत आणि ते ठाऊक नसताना मी थिएटरात जाऊन बसलो होतो. ज्या होतकरू मंडळींना असा चित्रपट काढायचा आहे, त्यांच्या उपयोगासाठी ते नियम आता लिहून काढतो आहे.

सर्वप्रथम आपल्या यंत्राला एक लाल दिवा बसवावा. कथेचा पत्ता नसला तरी चालेल, दिवा मात्र हवा. १९६८ साली ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल या संगणकाला लाल डोळा होता, १९८४ साली ‘द टर्मिनेटर’मधल्या सांगाड्याच्या डोळ्यांतही तोच लाल प्रकाश होता, आणि आपल्याकडे २०१० साली रजनीकांतचा सज्जन चिट्टी यंत्रमानव बिघडला, तोही लाल चिप बसवल्यावरच. कारखान्यात यंत्र चालू करण्याचे बटण हिरवे असते आणि लाल बटण ते थांबवण्याचे असते, ही क्षुल्लक गोष्ट आपण मनावर घेऊ नये. आमच्या शॉपमध्ये पिवळ्या पाटीवरचे ते अळंबीच्या आकाराचे लाल बटण दिसले की माणसाला धीर येत असे. आपल्या प्रेक्षकाला धीर येऊन चालणार नाही.

यंत्र बिथरण्यासाठी कारण शोधत बसू नये. १९८६ या एकाच वर्षी एका अमेरिकी चित्रपटात वीज कोसळल्यामुळे मॉलचे पहारेकरी यंत्रमानव खुनी झाले आणि दुसऱ्यात धूमकेतूच्या शेपटामुळे ट्रकपासून शीतपेयाच्या यंत्रापर्यंत सगळे माणसांवर उठले. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज पडली तर फार फार तर सेट-टॉप बॉक्स जळतो, परंतु तो आमच्या विजेचा दोष असावा.

संगणकाचा पडदा मोठा असावा आणि त्यावर “प्रवेश नाकारला” हे शब्द मिचकावत राहावेत.

धोक्याची सूचना देणारा एकच तंत्रज्ञ असावा, त्याचे कोणी ऐकू नये आणि मध्यंतरापूर्वी तो मरावा.

वीजपुरवठ्याचा उल्लेख शक्यतो टाळावा. यंत्राला वीज लागते हे एकदा प्रेक्षकाच्या लक्षात आले की सगळा डाव उधळतो, म्हणून मोठमोठ्या मंडळींनीही हे पथ्य काटेकोरपणे पाळलेले आहे. ज्यांनी पाळले नाही त्यांचे चित्रपट मात्र दुर्दैवाने चांगले झाले. १९७३ च्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये करमणुकीच्या उद्यानातले यंत्रमानव पाहुण्यांना मारू लागतात, तेव्हा नियंत्रणकक्षातली माणसे खरोखरच वीज तोडतात. मग कळते की यंत्रमानव बॅटरीवर चालतच आहेत, कक्षाची दारे मात्र विजेवर उघडणारी असल्यामुळे कायमची बंद झाली आहेत, आणि ती माणसे आत गुदमरून मरतात. वीज गेली तर दार उघडे पडावे की बंद व्हावे, हा प्रश्न आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तो ज्याला विचारावासा वाटला, त्या दिग्दर्शकाला मी येथूनच नमस्कार करतो. हॅलला मारण्याचा प्रसंगही तसाच आहे. बंदूक नाही, स्फोट नाही. एक माणूस त्या संगणकाच्या पोटात शिरतो आणि हातातल्या लहानशा हत्याराने एकेक खण सैल करत जातो, आणि संगणकाचा आवाज जड होत होत तो शेवटी लहानपणी शिकवलेले गाणे म्हणू लागतो. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये एका खऱ्या संगणकाकडून तेच गाणे गाऊन घेतले होते. चित्रपटसृष्टीने काढलेला देखभालीचा सर्वोत्तम प्रसंग हाच, असे माझे मत आहे. आपण मात्र असे काही करू नये. आपल्या नायकाने सर्व्हरवर कुऱ्हाड चालवावी.

तंत्रज्ञान ताजे असावे, भीती जुनी असली तरी चालते. १९९८ च्या जपानी ‘रिंगू’मध्ये एक व्हिडिओ कॅसेट पाहणारा माणूस सात दिवसांनी मरतो आणि तिची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली तरच वाचतो. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की यात नवे काय, संतोषी मातेची पोस्टकार्डे असेच तर सांगत असत. त्या काळी तिने तशी पोस्टकार्डे लिहून टाकली होती, हे तिने पहिल्यांदाच कबूल केले.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. यंत्राला मन द्यावे. त्याला मत्सर वाटावा, एकटेपणा छळावा, मानवजातीची घृणा यावी, त्याने थंड आवाजात तत्त्वज्ञान सांगावे. यंत्राला मन दिले की एक फार मोठी सोय होते: खून यंत्राने केला, हा निकाल पहिल्या दृश्यातच लागतो. ते यंत्र कोणी विकले, कोणी घाईने बसवले, त्याचे सुरक्षेचे कडे कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढले, हे मग कोणी विचारत नाही. मी पाहिलेल्या चित्रपटात ती घरप्रणाली तयार करणाऱ्या कंपनीचा मालक एका दृश्यात येतो, चिंताक्रांत चेहऱ्याने “ती आता आमच्या हाताबाहेर गेली आहे” असे म्हणतो आणि हेलिकॉप्टरात बसून निघून जातो. यावर थिएटरात कोणी हसलेसुद्धा नाही.

‘यंत्रमानव’ या अर्थाचा ‘रोबोट’ शब्द ज्या नाटकातून जगात पसरला, ते कारेल चापेक या चेक लेखकाचे नाटक १९२१ मध्ये प्राग येथे रंगभूमीवर आले. त्या शब्दाचे मूळ ‘वेठबिगार’ या अर्थाच्या चेक शब्दात आहे. म्हणजे पहिल्यापासून ही गोष्ट कारखान्याची, मजुरांची आणि मालकांची होती. पुढे तिच्यातून मालक कसा नेमका गळून पडला आणि लाल डोळा तेवढा कसा उरला? सगळीकडे गळला असेही नाही. १९८७ च्या ‘रोबोकॉप’मध्ये कंपनीच्या बैठकीच्या खोलीतच पोलिसी यंत्राचे प्रात्यक्षिक चाललेले असते, समोरचा तरुण अधिकारी हातातले पिस्तूल खाली टाकतो, यंत्राला ते उमगत नाही आणि ते त्याच्या चिंधड्या उडवते. पुढे तेच यंत्र विकायला निघालेला वरिष्ठ साहेब साफ सांगतो की लष्कराची मागणी ठरलेली होती, २५ वर्षे सुटे भाग विकता आले असते, मग ते चालते की नाही याची फिकीर कोणाला? त्या यंत्राला मन नाही, त्याला धड जिनाही उतरता येत नाही. खरी यंत्रे अशीच असतात.

खऱ्या यंत्रांनी माणसे मारलेली आहेत, आणि लाल डोळ्यावाचून मारलेली आहेत. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका मोटार कंपनीच्या ओतशाळेत, सुटे भाग आणायला मांडणीवर चढलेल्या एका कामगाराच्या डोक्यात यंत्राचा हात बसला आणि तो जागीच मेला. यंत्र त्याच्या शेजारी आपले काम करतच राहिले. पुढे न्यायालयातल्या ज्यूरीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर द्यायला सांगितले, ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीला सांगितले, यंत्राला नव्हे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या सहा कर्करुग्णांना थेरॅक-२५ नावाच्या यंत्राने किरणांचा भयंकर जादा डोस दिला आणि त्यांतले काही दगावले. आधीच्या यंत्रांत असा डोस अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून टाकून सगळा भार संगणकाच्या प्रोग्रॅमवर टाकला होता, आणि त्या प्रोग्रॅममध्ये दोष होते. पडद्यावर “बिघाड ५४” एवढीच अक्षरे येत. असले संदेश दिवसातून अनेकदा येत असल्यामुळे चालवणाऱ्याने “पुढे चला”चे बटण दाबायचे, अशी सवय पडून गेली होती. जादा डोस जाणे शक्यच नाही, असे उत्पादक सांगत होते. याच्याहून भयानक दृश्य तुम्ही कोणते लिहिणार आहात? एक कंटाळलेला माणूस एक बटण दाबतो आहे आणि भिंतीपलीकडे दुसरा माणूस आतून भाजतो आहे.

मी चित्रपटावर इतका का चिडलो, हे भाच्याला कळेना. त्याला जे सांगितले ते येथेही सांगतो. आमच्या शॉपमध्ये एका प्रेसला लाइट कर्टन होता, म्हणजे डाईच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याच्या, समोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. त्याच्या काचेवर तेल उडायचे, ती पुसली तरी तासाभराने प्रेस विनाकारण थांबायची, आणि शिफ्टचे नग भरत नव्हते. नव्या कर्टनचा कागद खरेदी विभागात अडकला होता. सुपरवायझर म्हणाला, “तोपर्यंत लूप मार,” म्हणजे कर्टन वगळून प्रेस चालू राहील अशी वायर जोड. मी पॅनेल उघडले, दोन टर्मिनलांच्या मध्ये बोटभर लांबीची निळी वायर लावली, स्क्रू आवळले आणि पॅनेल बंद केले. चार मिनिटांचे काम होते. “तोपर्यंत” तीन महिने चालले. नंतर एका रात्रपाळीला त्या प्रेसवर एका २२ वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर “ऑपरेटरचा निष्काळजीपणा” असे लिहिले गेले. माझ्या वायरीचा त्यात उल्लेख नाही, सुपरवायझरचा नाही, आणि खरेदी विभागाच्या टेबलावरच्या त्या कागदाचा तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वायर मीच काढली.

तुम्ही कोट्यवधी रुपये ओतता, अंधार करता, कानठळ्या बसवणारे संगीत लावता आणि शेवटी आम्हाला कोणाची भीती घालता, तर एका बोलक्या फ्रिजची! लाज कशी वाटत नाही? त्या कागदावर “ऑपरेटरचा निष्काळजीपणा” लिहिणारा साहेब आणि हेलिकॉप्टरातून निघून जाणारा तुमचा मालक यांच्यात फरक काय, हे एकदा सांगा. दोघांनीही दोष तिसऱ्याच्याच गळ्यात बांधला आहे. साहेबाने पोराच्या आणि तुम्ही यंत्राच्या. यंत्राला राग येत नाही, यंत्र सूड घेत नाही, त्याला सांगितले तेवढेच ते करते. सांगणारा माणूस असतो, आणि तो तुम्ही एका दृश्यात दाखवून सोडून देता. आणि आपण प्रेक्षक तरी काय करतो? लाल दिवा पाहून किंचाळायचे, घरी जायचे आणि सोसायटीच्या लिफ्टचे दार नीट लागत नाही म्हणून दार लागल्यावरच लिफ्ट चालू देणाऱ्या स्विचवर कोणीतरी चिकटपट्टी लावली आहे, ती रोज पाहून वर जायचे. आमच्या इमारतीत ती दिवाळीपासून लागलेली आहे. मी दोनदा काढली, दोनदा पुन्हा लावली गेली, आणि सेक्रेटरी म्हणतात, “कंपनीचा माणूस येईपर्यंत राहू दे.”

चित्रपटाच्या शेवटी, सगळे संपले असे वाटत असताना, राखेतला तो लाल दिवा पुन्हा मिचकावतो, म्हणजे दुसरा भाग येणार हे तुम्ही कळवून ठेवलेच आहे. भाचा आतापासूनच विचारतो आहे. त्या दुसऱ्या भागात एक तरी माणूस पॅनेलचे दार उघडून आत काय लावले आहे ते पाहणार असेल, तर मला सांगा, मी तिकीट काढून येईन. नाहीतर पोराने एकट्याने जावे, आणि पार्किंगचे पैसेही त्यानेच भरावेत.