खुलासा : ‘लीन’ म्हणजे नर्स कमी करणं नव्हे

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘दवाखान्यांत लीन पद्धत येणार, म्हणजे नर्स कमी होणार आणि डॉक्टर पेशंटला दोन मिनिटांत बाहेर काढणार.’ हे चुकीचं आहे. आधीच धास्तावलेल्या नातेवाइकांना असं घाबरवू नका.

लीन ही काम करायची पद्धत जपानच्या टोयोटा कंपनीच्या मोटार कारखान्यातून आली. तिथं कमी करायची असते ती वाया जाणारी मेहनत आणि ताटकळणं. केसपेपरची रांग, मग रक्त द्यायची वेगळी रांग. रिपोर्ट तयार, पण वॉर्डात पोचला नाही म्हणून अडलेला डिस्चार्ज. सलाईनच्या सेटसाठी एकामागून एक कपाटं उघडणारी सिस्टर. हा वेळ वाचला की तीच सिस्टर पेशंटजवळ थांबू शकते. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन हॉस्पिटलनं २००२ पासून ही पद्धत राबवली, तेव्हा त्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही असं धोरणच ठेवलं.

‘मोटारींची पद्धत माणसांना कशी चालेल?’ असंही विचारलं जातं. तिचं एक मूळ कापड विणायच्या मागात आहे. टोयोटा उद्योगसमूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे जायचंच नाही. चादरीच्या गावाला याचं मोल वेगळं सांगायला नको. दवाखान्यात याचा अर्थ असा, की डोसबद्दल शंका आली तर नवखी नर्ससुद्धा मोठ्या डॉक्टरांना थांबवू शकते.

लीनचं नाव पुढे करून कुणी खरंच माणसं कमी करत असेल, तर जाब जरूर विचारा. ते लीन नव्हे.