पित्ताच्या औषधाचं डॉक्टरांना सांगता का?

अँटिबायोटिक चालू असताना पित्ताचं औषध नेमकं किती वाजता घ्यायचं, हे प्रत्येक पेशंटला पाकिटावर लिहून दिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मी फार्मासिस्ट आहे, रोज मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" असं विचारलं की लोक बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी सांगतात. पित्ताची कोणी सांगत नाही. मुद्दाम विचारलं तर म्हणतात, "हो, ती रोजचीच. आणि जळजळलं की ते गुलाबी औषध दोन चमचे." म्हणजे दोन औषधं चालू असतात, पण घरात त्यांना कोणी औषध म्हणतच नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या कानावर ती जात नाहीत, आणि बऱ्याचदा डॉक्टरही विचारत नाहीत.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपण सरसकट "गॅसचं औषध" म्हणतो, पण त्यात निरनिराळे प्रकार आहेत. डायजीन, जेल्युसिल ही अँटासिडं. त्यांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते पोटात तयार झालेलं ॲसिड मारतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गोळ्या ॲसिड तयार होणंच कमी करतात. दोन्हींचं काम वेगळं, आणि अँटिबायोटिकशी वागणंही वेगळं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अँटासिड आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्या एकत्र घेतल्यावर. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, झिंक हे धातू अँटिबायोटिकला पोटातच धरून ठेवतात. जी जोडी तयार होते ती आतड्यातून रक्तात शिरू शकत नाही, शौचावाटे निघून जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर १९८९ साली झालेल्या एका अभ्यासात अँटासिडनंतर लगेच गोळी दिली, तर रक्तात पोचणारं औषध सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं. दोन तास थांबून दिली तरी तीन चतुर्थांशांहून जास्त घट होतीच. सहा तासांनी मात्र फरक उरला नाही, आणि गोळी आधी घेऊन दोन तासांनी अँटासिड घेतलं तरी काही बिघडलं नाही. म्हणून नियम असा: सिप्रो घ्यायची ती अँटासिडच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनंतर. लिव्होफ्लॉक्सॅसिनला दोन्ही बाजूंनी दोन तास पुरतात. याच अभ्यासात ॲसिड कमी करणाऱ्या रॅनिटिडिनच्या गोळीने काहीच फरक पडला नव्हता, कारण त्यात हे धातू नसतात. पॅन्टोप्रॅझोलमध्येही ते नसतात. अल्सरवर देतात त्या सुक्राल्फेटमध्ये मात्र ॲल्युमिनियम असतं, त्यालाही हेच अंतर लागू.

आता आपली चिठ्ठी बघा. त्यावर १-०-१ लिहिलेलं असतं. त्यातून सकाळी एक, रात्री एक एवढंच कळतं, दोन औषधांमध्ये अंतर किती ठेवायचं ते कळत नाही. लघवीच्या इन्फेक्शनसाठी लिव्होफ्लॉक्सॅसिन नेलेल्या एक काकू काही दिवसांनी परत आल्या. "लघवीची जळजळ आहे तशीच आहे गं, डॉक्टरांना सांगून हाय पॉवरची दे." मी विचारलं, गोळी घेता कशी? नाश्ता झाला की सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या, त्यात कॅल्शियमचीही, आणि कपभर दुधाबरोबर एकदम गिळायच्या. वरून दोन चमचे अँटासिड, कारण एवढ्या गोळ्यांनी पोट बिघडेल ही भीती. केवळ यामुळेच गुण आला नाही असं मी म्हणणार नाही, जंतू त्या औषधाला दाद देत नसेल असंही होतं. पण डॉक्टरांना हे सगळं कळायलाच हवं होतं. नाहीतर त्यांना वाटणार औषध फेल गेलं, आणि ते पुढचं, जास्त जोरदार अँटिबायोटिक लिहिणार. मी काकूंना कागदावर सगळं लिहून देऊन परत डॉक्टरांकडे पाठवलं.

पावसाळ्यात हाच घोळ डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा होतो. साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) टाळण्यासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून औषध घ्यावं, असं मुंबई महापालिका सांगत असते. मोठ्यांना त्यासाठी बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे भाजल्यासारखं होतं. माणसाला वाटतं पित्त खवळलं, तो अँटासिड घेतो, आणि अँटासिड डॉक्सिसायक्लिनलाच अडवतं. ग्लासभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. बऱ्याच जणांना मग अँटासिडची गरजच पडत नाही.

याच्या उलट सेफपोडॉक्सिम आणि सेफ्युरोक्झिम या अँटिबायोटिकांच्या गोळ्या. त्या नीट शोषल्या जायला पोटात ॲसिड लागतं, त्यामुळे तिथे ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्याही आड येतात. टीबीच्या रिफॅम्पिसिनची गोष्ट आणखी वेगळी. ते यकृताचं काम इतकं वाढवतं की ओमेप्रॅझोल शरीरात टिकतच नाही, आणि पेशंट म्हणतो पित्ताच्या गोळीचा गुण येत नाही. टीबीच्या गोळ्यांनी मळमळलं म्हणून त्यावर लगेच अँटासिडही घेऊ नये, किमान तासाभराचं अंतर हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती "डी"वाल्या गोळ्यांची. पॅन्टोप्रॅझोलसोबत डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध असलेली गोळी आपल्याकडे शेजारीपाजारी एकमेकांना देतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना डॉम्पेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. युरोपात २०१४ मध्येच छातीतली जळजळ आणि पोटफुगी यांसाठी डॉम्पेरिडोन वापरणं बंद केलं, आणि या अँटिबायोटिकांबरोबर ते द्यायचंच नाही असं सांगितलं. आपल्याकडे ती गोळी आजही "गॅसची" म्हणूनच मागतात. हृदयाचा त्रास असलेल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तरी हे लक्षात ठेवा.

पित्ताची गोळी आणि अँटिबायोटिक एकत्र नकोतच, असं मात्र मुळीच नाही. अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी जंतूवर ओमेप्रॅझोलसारखी गोळी, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन मुद्दाम एकत्र देतात. ॲसिड कमी झालं की अँटिबायोटिकं तिथे जास्त चांगलं काम करतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं.

पण साध्या घशाच्या इन्फेक्शनला पाच दिवस अँटिबायोटिक दिलं की खाली पॅन्टोप्रॅझोल लिहायचंच, ही सवय मला पटत नाही. अँटिबायोटिकने होणारी मळमळ, जुलाब बहुतेक वेळा ॲसिडमुळे नसतातच. उलट पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या जुलाबांचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये दिला होता. आणि हे जुलाब मुळात अँटिबायोटिक घेतल्यावरच जास्त होतात.

माझ्या व्यवसायातल्या मित्रमैत्रिणींनो, पाकिटावर १-०-१ च्या बाजूला "सकाळी ८" आणि "सकाळी १०" एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतं. गर्दी असली तरी लिहा. आणि वाचणाऱ्यांनो, चालू असलेली कुठलीही गोळी हे वाचून स्वतःहून बंद करू नका. अँटिबायोटिक तर अजिबात नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, कॅल्शियम-लोहाच्या डब्यांसकट एका पिशवीत घाला, डॉक्टरांच्या किंवा फार्मासिस्टच्या टेबलावर ठेवा आणि प्रत्येकीची वेळ लिहून घ्या.