चिता नसावी

मला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी आमच्या दादरच्या सोसायटीत माझी बदनामी आहे. एकदा सेक्रेटरीकाकांचा प्रिंटर मी बंद करून पुन्हा चालू केला होता, एवढंच. तेव्हापासून सत्यनारायणाच्या आमंत्रणापासून पार्किंगच्या ताकिदीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. या खेपेला टाकी धुण्याची नोटीस आली.

"जाड पाहिजे," काका म्हणाले. "लांबून डोळ्यांत घुसलं पाहिजे."

मी मोदक काढला. खायचा नव्हे, फॉन्ट. आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप'वाल्यांनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. नाव अगदी शोभतं. अक्षरं सारण ठासून भरल्यासारखी गरगरीत, आणि त्यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा आकसून नुसत्या चिरा उरलेल्या. 'पाणी बंद' टाइप केलं तर पडद्यावर दोन पैलवान शड्डू ठोकून उभे राहिले. तिथेच थांबायला हवं होतं.

"खालचा मजकूरही यातच घे."

"काका, हा मथळ्याचा फॉन्ट आहे. बारीक केला की गिचमिड होते."

"मग त्यातलं बिनमहत्त्वाचं काय आहे ते सांग."

(इंग्रजीतला इम्पॅक्ट असले हाल थोडेफार सोसतो तरी. जेफ्री ली नावाच्या गृहस्थांनी तो आखला आणि १९६५ साली शेफील्डच्या स्टीफनसन ब्लेक फाउंड्रीने बाजारात आणला. व्हॉट्सॲपवर मांजराच्या फोटोवर पांढऱ्या ठोकळ्या अक्षरांत जो विनोद येतो ना, तो बहुधा त्यातलाच. पण त्यांच्या 'ओ'च्या पोटात एकच भोक. आपल्या 'ब'च्या पोटात तिरकी काडी, डोक्यावर शिरोरेषा, वर वेलांटी, वेलांटीच्या कुशीत अनुस्वार. दहा बाय दहाच्या खोलीत गावाहून पाहुणे यावेत तसं. त्यात सगळेच जाडजूड निघाले तर निजायचं कुठे?)

"फाइल कर्व्ह केलीय ना?" फ्लेक्सवाल्या पोराने विचारलं. मी ऐटीत हो म्हणालो. कर्व्ह केलं की अक्षरांचं अक्षरपण जातं, नुसते आकार उरतात. चूक दिसली तरी टाइप करून सुधारता येत नाही. दोन बाय तीन, चारी कोपऱ्यांना आयलेट, शनिवारी फ्लेक्स लिफ्टशेजारी लटकला.

'पाणी बंद' रस्त्यापलीकडून दिसत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. खालच्या ओळी मात्र तव्याला चिकटलेल्या घावनासारख्या. 'बादल्या भरून ठेवाव्यात'च्या 'वादल्या' झाल्या होत्या. शेवटी होतं 'चिंता नसावी, टँकर येईल'. त्यातला अनुस्वार वेलांटीने गिळला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "चिता नसावी, टँकर येईल." मग माझ्याकडे वळल्या. "चालेल रे बाबा, मलाही विद्युतदाहिनीच हवीय. पण मग टँकर कशाला?"

रविवारी सव्वानऊला फोन वाजला. पलीकडे काका, तोंडाला बहुधा साबण, कारण प्रत्येक शब्दामागे बुडबुडा फुटत होता.

"अरे, नळ कोरडा! खाली तर १ ते ५ लिहिलंय!"

"९ ते ५, काका."

"मग तो नऊ नीट जाड का नाही केलास?"