‘गिफ्ट’ आणि विष : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इंग्रजी ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, जर्मन ‘गिफ्ट’ म्हणजे विष, आणि दोन्हींचं मूळ एक, हे माझं विधान तुम्हाला ओढूनताणून आणलेलं वाटलं. नुसत्या ध्वनिसाम्यावर नाती जोडू नयेत, असं तुम्ही बजावलंत. तत्त्व मान्य. फारसी ‘बद’ (आपल्या बदनामीतला) आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जुळतो, अर्थही जुळतो, पण नातं काहीच नाही. ‘गिफ्ट’चं तसं नाही, मधले दुवे लेखी सापडतात.

‘देणे’ या अर्थाच्या जर्मानिक (जर्मन, इंग्रजी, स्वीडिश यांच्या सामाईक कुळातल्या) धातूपासून हा शब्द झाला. ग्रीक ‘दोसिस’ म्हणजेही देणं. लॅटिन वैद्यकात त्याचा अर्थ औषधाची मात्रा असा झाला. आपला ‘डोस’ तोच. जर्मनांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं, ‘गिफ्ट’. दिलेली मात्रा पुढे मारक मात्रा झाली. विषाला थेट विष म्हणायला माणूस कचरतोच. गावाकडे कीटकनाशकाला आपणही ‘औषध’च म्हणतो की! 1538 मध्ये पॅरासेल्सस या स्विस वैद्याने लिहिलं, की सगळ्याच वस्तू विष आहेत, एखादी विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. त्या वाक्यात ‘गिफ्ट’ आणि ‘दोसिस’ दोन्ही आहेत. ‘देणं’ एकाच वाक्यात दोनदा, दोन वेषांत.

‘देणं’ अर्थाचा जुना शब्द स्त्रीलिंगी, विष अर्थाचा जर्मन ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी, म्हणून शब्दच वेगळा, हा तुमचा दुसरा मुद्दा. मग ‘मिटगिफ्ट’ बघा. मुलीसोबत दिलेलं ते, म्हणजे हुंडा. हा शब्द आजही स्त्रीलिंगी आहे, आणि ‘देणं’ हा जुना अर्थ त्यात शाबूत आहे.

स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ (उच्चार ‘यिफ्ट’) म्हणजे विष आणि विवाहितही, हा तुम्हाला पाचकळ विनोद वाटला. विनोद स्वीडिश लोकही करतात, पण अर्थ खराच आहे. ‘मुलगी कोल्हापूरला दिली’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तरी यात नवल वाटू नये. जुन्या इंग्रजीतही ‘यिफ्ट’ म्हणजे वधूमूल्य, आणि अनेकवचनात चक्क लग्न! इंग्रजीतला आजचा ठसठशीत ‘ग’ नॉर्स लोकांकडून (जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून) आला.

“मग स्वीडिश लोकांचा गोंधळ उडत नाही?” असं तुम्ही उपरोधानं विचारलंत. नाही उडत. विष हे नाम, विवाहित हे विशेषण. वाक्यातल्या जागेवरून कळतं. आणि भेटवस्तूसाठी त्यांच्याकडे त्याच धातूचा ‘गोवा’ हा वेगळा शब्द आहे. आपल्या गोव्याशी त्याचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.